तीन मिलिग्रॅम मापारी

मापाऱ्याच्या डाव्या कोपराला रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी खाज सुटायची. भिंतीवरचं घड्याळ वर्षातून दोनदा तरी मागे पडायचं, कोपर कधी पडलं नाही. वजनमाप कार्यालयात त्या कोपराइतकी अचूक दुसरी वस्तू एकच होती, काट्याच्या खोलीतलं प्रमाण वजन. त्याला सगळे ‘थोरला’ म्हणायचे. आणि पुढे कळलं की तेही तितकंसं अचूक नव्हतं.

थोरला म्हणजे एक किलोचा चकचकीत धातूचा ठोकळा. मुठीत मावेल एवढा, पण दोन काचेच्या झाकणांखाली असा बसलेला की बघणाऱ्यालाच उभं राहावंसं वाटावं. शहरातल्या प्रत्येक दुकानातलं वजन दुसऱ्या कुठल्या तरी वजनाशी ताडून घेतलेलं असायचं, ते दुसरं तिसऱ्याशी, आणि ती रांग फिरत फिरत शेवटी थोरल्यापाशी येऊन थांबायची. थोरला म्हणेल तो किलो. त्याला हाताने शिवायचं नाही. त्याच्या तोंडावर बोलायचं नाही, कारण श्वासाची वाफ बसते. शिंकायचं तर नाहीच नाही. उचलायचा तो चिमट्याने, आणि उचलण्याआधी उंटाच्या केसांच्या ब्रशने वरून खाली सात वेळा झाडायचा. त्या ब्रशने थोरल्याखेरीज जगातल्या कशालाही स्पर्श करायचा नाही.

“माझ्याशी कधी इतकं जपून वागला नाहीत,” मापाऱ्याची बायको म्हणायची.

“तुझ्यावर शहर अवलंबून नाही,” मापारी म्हणायचा. मग दोन दिवस त्याच्या डब्यात कालचं असायचं.

काट्याच्या खोलीच्या दारावर, आतल्या बाजूने, नियमांची पाटी होती. नियम चौदावा: ‘त्वचाविकार असलेल्या व्यक्तीस प्रवेश नाही.’ अकरा वर्षांपूर्वी, कामाच्या पहिल्याच आठवड्यात, ती पाटी मापाऱ्यानेच दारावर ठोकली होती. स्क्रू घट्ट करता करता अधूनमधून तो स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या टोकाने कोपर खाजवत होता. तेव्हा तो डाग रुपयाएवढा होता. डास चावला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. डास फारच चिवट निघाला.

आता दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, कंबर आणि डाव्या कानामागून केसांत शिरलेली एक पट्टी, एवढा मुलूख सोरायसिसने काबीज केला होता. लाल चट्टे, त्यांवर चंदेरी पापुद्रे. मापारी उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, मनगटाची बटणं लावायचा आणि पांढरे सुती हातमोजे चहा पितानासुद्धा काढायचा नाही. ऑफिसात त्याला पाठीमागे ‘हातमोजे’ म्हणत. साहेबांना मात्र त्याचा अभिमान होता. पाहुणा आला की ते त्याला बोलावून दाखवायचे. “बघा! चहालासुद्धा काढत नाही! याला म्हणतात निष्ठा!”

निष्ठेला त्या वेळी गुडघ्यामागे खाज सुटलेली असायची.

ती खाज कशी असते, हे मापाऱ्याला कुणाला सांगता आलं नव्हतं. डासाची खाज खाजवली की जाते, ही खाजवली की बसायला खुर्ची मागते. शिंक नाकाशी येऊन अडावी आणि तशीच तासभर अडून राहावी, तसं काहीसं, फक्त नाकाऐवजी कोपरात. किंवा कातडीच्या आतल्या बाजूने कुणीतरी खडबडीत कागद घेऊन काहीतरी घासून गुळगुळीत करत असावं, अगदी सावकाश, कामावर जीव असलेल्या माणसासारखं. त्या क्षणी समोर साहेब असोत की थोरला, डोक्यात दुसरं काही उरायचंच नाही.

घरी बायकोने उपायांचं एक खातंच उघडलं होतं. ती शिवणकाम करायची, त्यामुळे बहुतेक उपाय कापडाचे असत. ओल्या फडक्याच्या घड्या. बर्फाची पिशवी, तिला टॉवेलचं आवरण, त्याला नाडी. झोपताना हातावर चढवायला बोटं नसलेल्या पिशव्या, म्हणजे झोपेत नखं लागायला नकोत. नखं ती स्वतः कापायची, इतकी आखूड की मापाऱ्याला नाणं उचलता येत नसे. कोमट पाण्याची आंघोळ, अंग ओलं असतानाच मलम, मग सैल सुती सदरा. आणि खाज आलीच तर खाजवायचं नाही, तळव्याने थोपटायचं.

“थोपटा. बाळाला थोपटतात तसं.”

“बाळ झोपतं गं. हे बाळ चावतं.”

रोज सकाळी ती गच्चीत जाऊन चादर झटकायची. उन्हात पापुद्रे चमकत खाली जायचे. “नवरा थोडाथोडा करून वाऱ्यावर सोडतेय,” ती खालच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगायची. वहिनी हसायच्या आणि आपली चादर दुसऱ्या दोरीवर नेऊन टाकायच्या. मग बायको मोठ्याने म्हणायची, “अहो वहिनी, हा रोग लागत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलंय. खाजवणं मात्र लागतं, ते सांभाळा.” आणि खरंच, वहिनी मान खाजवत आत जायच्या.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, की आता मलमाने भागणार नाही, इंजेक्शन घ्या. ते ऑफिसच्या विम्यातून मिळेल, फक्त फॉर्मवर साहेबांची सही लागेल आणि आजाराचं नाव लिहावं लागेल. दुसरी, की नखांना आवरा.

“हा आजार विचित्र आहे,” त्या म्हणाल्या. “चांगल्या कातडीला जखम केलीत ना, की तिथेही उगवतो. खाजवाल तिथे पेराल.”

मापाऱ्याने फॉर्म घडी करून खिशात ठेवला. त्या फॉर्मला आता दोन वर्षं झाली होती. घडीवर तो फाटला होता, बायकोने आतून चिकटपट्टी लावली होती.

“सही घ्या ना.”

“सही घेतली की चौदावा नियम लागतो. मग खिडकीवर बसवतील. अर्ज घ्यायला. दिवसभर लोक माझे हात बघणार.”

“आणि तिथे खोलीत कोण बघतं?”

“कोणी नाही,” मापारी म्हणाला. खोली त्याला आवडायची ती याचसाठी. थंड, कोरडी, एकटी. थोरल्याला डोळे नव्हते.

निदान तसं त्याला वाटत होतं.

*

कार्यालयात आणखी एक वजन होतं, ‘साक्षीदार’. थोरल्याचा जुळा भाऊ. तो कपाटात, लाखेच्या सीलमध्ये बंद असे. थोरल्यावर संशय आला तरच त्याला बाहेर काढायचं. संशय येण्याची सोय अशी नव्हतीच, कारण कामाची सगळी वजनं थोरल्याशीच ताडलेली. थोरला चुकला तर सगळे त्याच्याबरोबर एका सुरात चुकणार.

त्या वर्षी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. तुलना अधिकारी येत्या महिन्यात तपासणीला येत आहेत. साहेबांनी पत्र तीनदा वाचलं, रुमालाने कपाळ पुसलं आणि मापाऱ्याला म्हणाले, “आपलं काय, सगळं चोखच असणार. पण एकदा साक्षीदाराला विचारून घे की गुपचूप.”

“सील तोडावं लागेल, साहेब.”

“हळूच तोड.”

मापाऱ्याने सील हळूच तोडलं. काट्याच्या एका बाजूला साक्षीदार, दुसऱ्या बाजूला थोरला. काचेचं दार लावून तो तीन पावलं मागे सरला आणि काटा स्थिर होण्याची वाट बघत उभा राहिला. काटा डुलला, थबकला आणि थोरल्याच्या बाजूला झुकून बसला. जरासाच. तीन मिलिग्रॅम.

तीन मिलिग्रॅम म्हणजे एक खातापिता डास. भाजीवाल्याला त्याने काही फरक पडत नाही. पण काट्याच्या खोलीत डास हा हत्तीच. मापाऱ्याने पुन्हा तोललं. आठ वेळा तोललं. डास हलला नाही.

थोरल्याचं वजन वाढलं होतं. कुठून? खोली बंद, झाकणं दोन, वर धूळ नाही. मापारी खुर्चीवर बसून विचार करू लागला. त्याचं बूड टेकतंय न टेकतंय तोच घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली आणि डाव्या कोपराने हजेरी लावली. विचार करणारा माणूस हाताकडे लक्ष देत नाही. मापाऱ्याच्या उजव्या हाताने आपलं आपण मनगटाचं बटण काढलं, बाही वर सारली, टेबलावरचा ब्रश उचलला आणि कोपरावरून फिरवला. मऊ, गार, केसांकेसांनी. क्षणभर गुदगुल्या, आणि मग पाव मिनिटाची ती शांतता, जिच्यासाठी माणूस घरदार लिहून देईल. हाताने ब्रश जागेवर ठेवला. बाही खाली केली. बटण लावलं.

आणि मग मापाऱ्याने आपल्याच हाताकडे, दुसऱ्याच्या घरी चोरी करताना पकडलेल्या भावाकडे बघावं, तसं बघितलं.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. हाताची सराईत चालच सांगत होती. त्याला आठवू लागलं. निदान दोन वर्षं तरी. रोज तीन दहाला कोपर, मग सव्वातीनला तोच ब्रश थोरल्यावर, वरून खाली, सात वेळा.

त्याने ब्रश खिडकीच्या उजेडात धरला. केसांच्या मुळाशी मलमाचा पिवळट तेलकटपणा होता आणि त्यात बारीक चंदेरी कण, पिठासारखे.

थोरल्यावर मापारी बसला होता. तीन मिलिग्रॅम मापारी.

त्याची पाचावर धारण बसली. शहरातल्या प्रत्येक दुकानात, प्रत्येक किलोमागे, त्याच्या कोपराचा एक सूक्ष्म हिस्सा दिला-घेतला जात होता. लोक ते घरी नेत होते. आणि मापाऱ्याचं स्वतःचं वजन तेवढंच घटलं होतं, त्याची मात्र कुठे नोंद नव्हती.

धुऊन टाकावं? प्रमाण वजन लेखी परवानगीशिवाय धुणं हा पाचवा नियम. तरीही त्याने एकदा चामड्याचा मऊ तुकडा स्पिरिटमध्ये बुडवला, दोन्ही झाकणं काढली आणि थोरल्यासमोर उभा राहिला. खोली इतकी गप्प होती की आपली कातडी ताणल्याचा आवाज ऐकू येतोय असं त्याला वाटलं. थोरल्याच्या चकचकीत अंगात त्याचं तोंड दिसत होतं, फुगलेलं, वाकडं. त्याच वेळी कानामागची पट्टी पेटली. मापाऱ्याने दात आवळले. हात खाली धरले. थोपटायचं, थोपटायचं. डोकं नुसतं हललं असेल, आणि एक पापुद्रा, अगदी एवढासा, हवेत गिरक्या घेत आला आणि थोरल्याच्या माथ्यावर उतरला. वाट चुकून नाही. घरी आल्यासारखा.

मापाऱ्याने घाईघाईने झाकणं घातली.

*

तुलना अधिकारी बसने आले. त्यांच्याबरोबर मखमलीच्या पेटीत मुख्य कार्यालयाचं वजन होतं, ‘पाहुणा’. पाहुण्याचं बसमध्ये स्वतंत्र तिकीट होतं. गर्दी असल्यामुळे पाहुणा बसून आला होता आणि अधिकारी उभ्याने.

ते उंच, वाळकुडे गृहस्थ होते. सगळं आयुष्य तुलना करण्यात गेल्यामुळे त्यांना कुठलीही एकच वस्तू दाखवली की ते अस्वस्थ व्हायचे. एक बिस्किट दिलं तर दुसरं मागून घ्यायचे, खायला नाही, शेजारी ठेवायला.

त्यांनी थोरला आणि पाहुणा समोरासमोर बसवले. काटा थोरल्याकडे झुकला. तीन मिलिग्रॅम. साहेबांनी कपाळ पुसलं. मापारी दाराला टेकून उभा होता, नियमांच्या पाटीला पाठ लावून, आणि शर्टाआडून पाटीच्या कडेवर कंबर घासत होता.

“साक्षीदाराला काढा,” अधिकारी म्हणाले. काढला. त्यांनी सील बघितलं. “तुटलंय.”

“हळूच तोडलं होतं,” साहेब म्हणाले.

“सील तुटलेला साक्षीदार साक्षीला चालत नाही.” अधिकाऱ्यांनी नोंदवही मागवली. अकरा वर्षांच्या नोंदी, एक खाडाखोड नाही. त्यांनी मापाऱ्याचे हातमोजे बघितले, बंद बटणं बघितली. “यंदा नऊ कार्यालयं तपासली,” ते हळूच म्हणाले. “एका ठिकाणी प्रमाण वजनाने दार अडवून ठेवलं होतं. दुसरीकडे त्याच्यावर सुपारी फोडत होते. आणि इथे माणूस चहालासुद्धा हातमोजे काढत नाही. नाही, नाही. चूक इथली नाही. चूक पाहुण्याची आहे.”

“पाहुण्याची?” साहेबांना खुर्ची लागली.

अधिकाऱ्यांनी आवाज आणखी खाली आणला. “वाटेत गतिरोधकावर तो सीटवरून पडला होता. मला तेव्हाच शंका आली.” त्यांच्या चेहऱ्यावर आता महिन्याभराचं ओझं उतरल्यासारखं समाधान होतं. “थोरला बरोबर. आम्ही हलके झालोत. सगळा देश तीन मिलिग्रॅमनं दुरुस्त करावा लागेल.”

मापाऱ्याला हायसं वाटायला हवं होतं. वाचला होता तो. पण देश म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर एकदम इतकी दुकानं उभी राहिली, इतके काटे, आणि प्रत्येक काट्यावर त्याचं कोपर. घड्याळात तीन दहा झाले.

“साहेब,” तो म्हणाला, आणि त्याने बाही वर केली. “ते माझं कातडं आहे.”

साहेबांनी कोपर बघितलं, मग नियम चौदावा, मग पुन्हा कोपर. मापाऱ्याने सगळं सांगितलं, ब्रश, मलम, सात वेळा. सांगता सांगता त्याचा हात चाललाच होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो उघड्यावर, चारचौघांत, मनसोक्त खाजवत होता, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

तुलना अधिकारी जवळ आले. वाकून त्यांनी कोपराकडे बघितलं, मग आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे.

“रोज?”

“रोज.”

“याच वेळी?”

“तीन दहा.”

“ब्रश तोच? बदलला नाही कधी?”

“नाही.”

“म्हणजे सातत्य आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. लिहिताना ते मान खाजवत होते.

साहेबांनी त्याच दिवशी फॉर्मवर सही केली. “करून टाकतो बाबा,” ते म्हणाले. “तसाही तू आता या खोलीत राहात नाहीस.”

*

निर्णय येईपर्यंत काम चालू ठेवा, असं सांगण्यात आलं. मापाऱ्याने शनिवारी पहिलं इंजेक्शन घेतलं. लपवायला काही उरलंच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात खाज निम्म्यावर आली. सहाव्यात तो एकदा जेवता जेवता थांबला.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“काही नाही.”

“मग थांबलात का?”

“तेच. काही नाही. कुठेच काही नाही.”

ती उठून मशीनवर बसली आणि तिने त्याला अर्ध्या बाह्यांचा शर्ट शिवला. आकाशी, बारीक चौकडीचा. सकाळी चादर झटकायला गेली आणि नुसतीच झटकून परत आली. “आज तुमच्यातलं काहीच सांडलं नाही,” ती म्हणाली, आणि उगाचच स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत राहिली.

मापारी आरशासमोर उभा राहून कोपर बघायचा. गुलाबी, गुळगुळीत, अनोळखी. दुसऱ्याचं कोपर आपल्याकडे ठेवायला दिल्यासारखं. खिडकीवर बसवतील तर बसवोत, त्याने मनाशी ठरवलं. आकाशी शर्ट घालून बसेन.

नवव्या आठवड्यात पत्र आलं. साहेबांनी ते उभ्याने वाचून दाखवलं, कारण त्यावर मोठा शिक्का होता.

पाहुण्याचा दर्जा काढून घेण्यात आला होता. यापुढे देशाचं प्रमाण वजन थोरला. सर्व कार्यालयांतली वजनं त्याच्याशी जुळवून घेण्याचं काम सुरू झालं होतं. ‘सदर वजनाची अचूकता सदर पद्धतीमुळे सिद्ध होत असल्याने,’ साहेब वाचत होते, ‘वजन, ब्रश, कर्मचारी व कर्मचाऱ्याच्या सवयी यांपैकी कशातही बदल करण्यात येऊ नये. बदल आढळल्यास सर्व वजने रद्द समजून कर्मचाऱ्यावर जबाबदारी निश्चित करण्यात येईल.’

“वाचलास!” साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “अरे, देशाचा मापारी झालास! पेढे तरी—” आणि मग त्यांचं लक्ष त्याच्या बाह्यांकडे गेलं. आकाशी. अर्ध्या. त्यांची थाप हवेतच राहिली. ते दार लावून आले.

“कुणाला दाखवलंस?”

“बायकोला.”

“आणखी कुणाला दाखवू नकोस. जा, पूर्ण बाह्यांचा घालून ये.”

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. त्याने पाटीवरचा चौदावा नियम दुरुस्त केला. नवी पाटी मंजूर नव्हती, म्हणून त्याने फक्त ‘नाही’ हा शब्द पांढऱ्या रंगाने पुसला आणि ‘व्यक्तीस’ला एक ‘च’ जोडला. आता पाटी म्हणत होती: ‘त्वचाविकार असलेल्या व्यक्तीसच प्रवेश.’ त्याखाली मापारी उभा होता, अंगावर एक डाग नसलेला, मनगटाची बटणं लावून.

त्याच्या पाठोपाठ निरीक्षिका आल्या. पन्नाशीच्या बाई, जाड भिंगाचा चष्मा, पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या आणि चार टोकदार पेन्सिली. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या. मुख्य कार्यालयाने त्यांना मापाऱ्याची पद्धत टिपून घ्यायला पाठवलं होतं. त्यावरून पुस्तिका निघणार होती, प्रत्येक कार्यालयाला एक.

“तुम्ही आपलं काम करा,” त्या म्हणाल्या. “मी इथे नाहीच असं समजा.”

तीन दहा झाले. मापाऱ्याची बाही खालीच होती. सव्वातीन झाले. त्याने थोरला झाडला. निरीक्षिकाबाईंनी घड्याळाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि एक रकाना कोरा सोडला.

दुसऱ्या दिवशी कोरा. तिसऱ्या दिवशी त्यांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. “खाज नाही आली आज?”

“येईल,” मापारी म्हणाला. “उशीर होतो कधीकधी.”

“पुस्तिकेच्या कच्च्या प्रतीत तर ‘वेळेवर’ असं लिहिलंय.”

चौथ्या दिवशी त्यांनी मुख्य कार्यालयाने जुळवून पाठवलेलं एक वजन काढलं आणि थोरल्यासमोर ठेवलं. काटा झुकला. या खेपेला दुसऱ्या बाजूला. जेमतेम, एका पापुद्र्याइतका. चार दिवस काय, गेला महिनाभर कोरडा ब्रश थोरल्यावरून फिरत होता आणि जे चढलं होतं ते थोडंथोडं उतरवत होता. थोरला बरा होत होता.

“फरक येतोय,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. पेन्सिलीचं टोक मोडलं तरी त्या याच आवाजात सांगतील. “सोमवारी कोपराचा फोटो लागेल. बाह्या वर करून. पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी.”

मापारी घरी गेला. बायकोने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ ती दोऱ्याचं रीळ बोटांत फिरवत होती.

“सोडा ती नोकरी.”

“थोरला उतरत राहील. सगळ्यांची वजनं रद्द. जबाबदारी निश्चित करणार म्हणतात.”

“करू देत की निश्चित! अकरा वर्षं मी चादरी झटकल्यात. या कोपरावर माझी जबाबदारी निश्चित आहे.” तिने त्याचा हात ओढून घेतला, बाही वर सारली आणि गुळगुळीत कातडीवर तळवा ठेवला. थोपटलं नाही. नुसता ठेवला. “याला हात लावाल ना, तर माझ्याशी गाठ आहे. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतंय?”

“खाजवाल तिथे पेराल,” मापारी म्हणाला.

त्याला चांगलंच आठवत होतं. दोन दिवस दुसरं काही आठवतच नव्हतं.

सोमवारी तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून खोलीत आला. निरीक्षिकाबाई आधीच बसल्या होत्या. शेजारी तिपाईवर कॅमेरा, त्याच्यावर फडकं. मापाऱ्याने हातमोजे काढले, घडी करून ठेवले. दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं, कुणी अडवलं नव्हतं. बाहेर खिडकीपुढे लोकांची रांग लागली होती, अर्ज घेऊन उभी. थोरला दोन झाकणांखाली बसला होता, आणि त्याच्या अंगात मापाऱ्याचं तोंड दिसत होतं, या वेळी अगदी सरळ, स्वच्छ.

तीन वाजून नऊ. बाईंनी पेन्सिल उचलली.

मापारी वाट बघत राहिला. आयुष्यात जिला हाकलण्याखेरीज काही केलं नाही, तिची त्याने मनापासून वाट बघितली. ती आली नाही. कोपर गप्प होतं, झोपलेल्या मुलासारखं.

तीन दहा.

त्याच्या हाताने बटण काढलं. या वेळी हात आपलं आपण करत नव्हता, प्रत्येक बोटाला वेगळं सांगावं लागत होतं. बाही वर सरकली. त्याने ब्रश उचलला, उलटा धरला, आणि लाकडी मुठीची कड गुलाबी कातडीवर टेकवली. न खाजणारी जागा खाजवणं फार अवघड असतं, हे त्याला माहीत नव्हतं. दुखतं. पहिल्या ओढीला नुसती पांढरी रेघ उठली. दुसरीला लाल. तिसरीला त्याने डोळे मिटले. त्याला बायकोचा तळवा आठवला, कोमट, जड. हात थांबला.

खोलीत पेन्सिलही थांबली.

“घाई नाही,” बाई म्हणाल्या. “पूर्ण होऊ दे.”

मापाऱ्याने पूर्ण होऊ दिलं. किती वेळ, ते त्याने मोजलं नाही, बाईंनी मोजलं. मग त्याने ब्रश सरळ केला, कोपरावरून एकदा मऊ केसांनी फिरवला, दोन्ही झाकणं काढली आणि थोरला झाडायला घेतला, वरून खाली. एक. दोन. तीन.

पाचव्या वेळेला त्याला ते जाणवलं. अगदी बारीक, अगदी आत. घरी कुणी नसताना दारावर ओळखीची टकटक व्हावी तसं.

“आली?” बाईंनी विचारलं.

मापाऱ्याने मान डोलावली. बाईंनी रकाना भरला, कॅमेऱ्यावरचं फडकं काढलं, आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने आपल्या मनगटाच्या आतली बाजू सावकाश खाजवू लागल्या.